पत्त्याचा रकाना

साउथ शील्ड्सला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
रेवती दप्तरातून कागद काढते, फ्रिजवर लावते :
"युद्धात गेलेलं तुमच्या घरातलं माणूस."
शुक्रवारपर्यंत. फोटो असल्यास उत्तम.

फोटो होता.
कसरीनं चेहरा खाल्ला, टोपी तेवढी ठेवली.
आहे ती नल्ली, बोटीवरच्या नोकरीची वही :
उंची पाच फूट तीन,
उजव्या कोपराला भाजल्याची खूण,
सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा,
जांभळा, जरा सरकलेला,
मागून कुणी घाई करत असल्यासारखा.

धाकू सोनू तारी, राहणार विजयदुर्गच्या खाडीकाठी.
माझे पणजोबा. आगवाला.
म्हणजे बोटीच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली
भट्टीला कोळसा चारणारा.
कोळसा इथलाच, याच टाइन नदीवर भरलेला, कदाचित.
हे 'कदाचित' मी रात्रपाळीहून परतताना
बसच्या वरच्या मजल्यावर
पुष्कळदा घोळवलंय.

"कुणाशी लढले ते?"
लढले नाहीत गं. कोळसा घालत होते.
"मग शूर होते की नव्हते?"
मी कांदा चिरत राहते.
बहिणीच्या लग्नाचं देणं होतं,
होडीचं शीड फाटलं होतं,
सारंगानं गावातून अकरा पोरं उचलली, त्यात हे.
लढाई जमिनीवर असते असंच वाटलं असेल त्यांना.
याला त्याग म्हणू की नोकरी,
आणि म्हणणारी मी कोण,
गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी?

कंपनीनं हिशेब मात्र चोख ठेवला.
बोट बुडाली मंगळवारी.
पगार मंगळवारपर्यंत.

तार घेऊन पोस्टमास्तर स्वतः आले,
अंगणात चपला काढून त्यांनी वाचलं : बेपत्ता.
पणजी चोवीस वर्षांची, कडेवर माझे आजोबा.
"पत्तो नाय, तर सोधा मगे," ती म्हणाली.
आणि कुणीच शोधणार नाही हे कळल्यावर
पन्नास वर्षं कुंकू लावत राहिली.
गावानं आधी समजूत घातली,
मग नावं ठेवली,
मग गाव थकलं.
नारळी पौर्णिमेला सगळे दर्यावर नारळ घेऊन जात,
ती पाठ करून सुकट निवडत बसे.
"तेका आदीच दिलंय."
एवढंच. मी तेव्हा सात-आठ वर्षांची,
मला वाटायचं, नारळाबद्दलच बोलतेय.

रविवारी नदीच्या मुखाशी आम्हीही उभ्या राहिलो.
वारा असा की बिगुल अर्धाच ऐकू आला.
दगडावर रॉब्सन, चार्लटन,
स्टोरी नावाचे दोघे, भाऊ असावेत.
एक म्हातारा हातमोजा काढून
एकाच नावावरून बोट फिरवत होता, पुन्हा पुन्हा,
आंधळा नसूनही.
तारी नाही हे ठाऊक होतं.
तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

फॉर्म रेवतीनंच भरला.
हुद्दा : फायरमन.
(वर्गाला वाटलं, आगी विझवायचे. तिनं वाटू दिलं.)
चेहऱ्याच्या जागी अंगठ्याची झेरॉक्स.
आणि पत्ता या रकान्यात
सतरा, हॅदर्ले टेरेस. आमचाच.
अगं, हा पत्ता त्यांचा कसा?
"आपले आहेत ना? मग राहणार कुठे?"

काल दारातल्या फटीतून पाकीट पडलं.
शाळेचा शिक्का. आभाराचं कार्ड असणार,
सगळ्या घरांना गेलंय तसंच.
कंप्युटरनं न चुकता छापलेलं :
श्री. डी. एस. तारी.

गॅसच्या बिलाशेजारी उभं करून ठेवलंय.
रेवती म्हणते, उघड ना.
पणजी म्हणायची,
दुसऱ्याचो कागद फोडूचो नाय.
तिला तर वाचताही येत नव्हतं.