पाठ

शाळेतली लोखंडी शेगडी माझ्याकडे.
पहाटे सहाला लाकडं, दुपारी राख,
आणि मंगळवारी, शुक्रवारी
त्सियाला बाईंच्या वर्गाबाहेर एक स्टूल,
ज्यावर मी बसतो असं कुणी म्हणत नाही.

डाव्या कानाने मला ऐकू येत नाही.
तीस वर्षं गिरणीत लाकूड कापलं,
करवतीने बोटं सोडली, कान नेला.
म्हणून मी दाराला तळहात लावतो.
दार पाइनचं, पातळ.
गाणं आधी फळीत येतं, मग माझ्यात.

आमच्या डोंगरात गाणं तिघांचं असतं.
एक आवाज पुढे चालतो,
दुसरा त्याच्या खांद्याला खांदा घासत,
तिसरा खाली, खर्जात, जागचा हलत नाही.
दोघांनीच गायलं तर ते गाणं नव्हे, भांडण,
असं माझा चुलता म्हणायचा,
आणि तो दोन्हीतला जाणकार होता.

यंदा शाळेत नऊ मुलं.
ऑक्टोबरात आठ.
खर्ज लावणारा जोखा बापाबरोबर रुस्तावीला गेला,
कारखान्याच्या गावी, पाचव्या मजल्यावर.
जाताना बूट विसरला.
आवाज तेवढा घेऊन गेला.

बाई म्हणाल्या, मुर्झा.
मुर्झा!
ज्याला चर्चमध्ये आत्याने सांगितलं होतं,
बाळा, तू नुसते ओठ हलव.
चार वर्षं त्याने ओठ हलवले,
इतके मनापासून,
की धर्मगुरूंनी एकदा त्याला सफरचंद दिलं.

पहिल्या दिवशी त्याचा सूर
छपरावरच्या बर्फासारखा घसरला, सगळाच्या सगळा.
नेस्तान हसली.
बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
फळा पुसला, ज्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.
मग मुर्झाला जमिनीवर बसवलं
आणि स्वतः त्याच्यामागे बसल्या,
पाठीला पाठ.
त्रेसष्ट वर्षांची बाई. गुडघे वाजले
ते मलासुद्धा ऐकू आले.
कानाने नको ऐकू, म्हणाल्या, कान घाबरट असतात.
पाठीने ऐक.

मी तळहात काढला.
स्टूल फिरवलं, दाराला पाठ टेकली.

नोव्हेंबरभर हेच.
मुलं जोड्याजोड्यांनी बसलेली, एकमेकांकडे न बघता,
भांडण झाल्यासारखी.
कागद नाही, पेटी नाही.
पाठीला पाठ लागली की पाठ होतं,
एवढंच बाईंचं शास्त्र.
मुर्झा घरी गाईला टेकून सराव करायचा.
गाईने हरकत घेतली नाही. दूध मात्र कमी दिलं,
असं त्याची आई म्हणते.

डिसेंबरात तालुक्याहून साहेब आले.
मुलं मोजली, फुटक्या काचा मोजल्या,
वहीत लिहिलं: संगीत, दोन तास. कमी करता येतील.
बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, बसा.
खुर्चीवर नाही. इथे.

काळा कोट घातलेला माणूस जमिनीवर,
त्याच्या पाठीला मुर्झाची पाठ.
पुढचं मी पाहिलं नाही, दार माझ्यामागे होतं.
एवढं कळलं की मधल्या कडव्यात खर्ज एकदा डगमगला,
पुलावर गाय डगमगते तसा,
आणि पाय टाकत राहिला.

साहेब निघाले. वहीतली ओळ खोडली की नाही
ठाऊक नाही.
मुर्झाच्या स्वेटरची लाल लोकर
त्यांच्या कोटाला मागे चिकटली होती.
आम्ही कुणी सांगितलं नाही.
तशीच गेली घाट उतरून.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या, चष्मा पुसत.
ओत्या, म्हणाल्या, दारातून चौथा आवाज येतो.
आपलं गाणं तिघांचं.
मी राखेची बादली उचलली.
आणि उद्या दोन ओंडके जास्त आण,
थंडीत सूर खाली बसतो.