मुक्कामाचा उद्देश

उद्यमनगरात, बाबांच्या पॅटर्नशॉपमध्ये,
भुशानं माखलेल्या टेबलावर मी फॉर्म भरतेय.
लॉगबुकात तास एक हजार चारशे बारा.
त्यातले नऊशे साठ
दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवण्यात गेले.

एका देशाला मी हवी आहे,
पण आधी विद्यार्थिनी म्हणून.
फी भरा, आमच्या आभाळात पुन्हा पहिलीत बसा,
मग वर्षभर शिकवायची मुभा, मग बघू.
दुसऱ्याला पत्र हवंय,
की या कामाला त्यांना त्यांचं माणूस मिळालं नाही.
असं पत्र कोण लिहून देतं हो
कुणा अनोळखी बाईसाठी?
तिसरा म्हणतो, लायसन्स चालेल,
फक्त परीक्षा पुन्हा, मेडिकल पुन्हा,
आणि दहा वर्षांतले सगळे पत्ते, महिन्यांसकट.
राजारामपुरी, नववी गल्ली.
धुळे, हॉस्टेल.
परत नववी गल्ली.

चौकशीला हवालदार पोवार आले होते.
चहा घेत म्हणाले, विमान शिकवतीस म्हंजे नक्की करतीस काय?
म्हटलं, गप बसतो काका.
पोरगं चुकत असताना हात मांडीवर ठेवून गप बसतो.
जमीन अगदीच जवळ आली तर बोलतो.
त्यांनी लिहिलं, वर्तणूक चांगली.
(बसतो, बोलतो. आम्ही पोरी असंच बोलतो इथं.
फॉर्मवर मात्र खूण 'स्त्री'च्या चौकोनात.)

बाबा रंधा थांबवतात.
त्यांच्या साच्यांवर शिरोलीत ओतलेले व्हॉल्व्ह
खोक्यांत बसून समुद्रापार जातात.
"लोखंडाला कुणी इचारत न्हाई बघ,
परत कवा जाणार म्हणून."
मग जरा वेळानं, लाकडाकडं बघतच,
"पर साचा आमी शंभराला एक मोठाच धरतो.
निवलं की आकसतंय ते.
तिकडं लई गार असतंय म्हणं."

आज सकाळी उजळाईवाडीला
तबस्सुम मुजावर पहिल्यांदा एकटी उडाली.
मी उतरले, माझ्या रिकाम्या सीटचा पट्टा
नीट आवळून बांधला, दार लावलं,
आणि गवतात रेडिओ धरून उभी राहिले.
तिला सांगितलं होतं, माझं वजन नसणार,
विमान तुझ्या अंदाजाआधीच जमीन सोडेल,
दचकू नकोस.
विमानानं सोडली. ती दचकली नाही.
मीच दचकले.

मुक्कामाचा उद्देश :
नोकरी, शिक्षण, भेट, इतर.
'इतर'वर पन्नास अक्षरांची जागा उघडते.
मी मराठीत लिहून बघते, शिकवून उतरणे.
लाल ओळ येते : ही अक्षरं चालणार नाहीत.

बाबा वाकून कीबोर्डवर फुंकर मारतात,
भुसा उडतो.
"आता लिही," म्हणतात.