चारशे आणि तीनशे पंचावन्न

कालामात रात्री अशी थंडी पडते
की शेडमधल्या प्लेटवर तळवा टेकवला
तर उचलताना हात आपलाच आहे ना, बघावं लागतं.

डावीकडचा ढीग तीनशे पंचावन्नचा.
उजवीकडे चारशे, तिच्यामागे थोड्या पाचशेच्या,
कडेला लाल पट्टा, उन्हानं विटलेला.
किल्ली माझ्याकडे. वहीही माझीच.

ओसिएल नवा पोरगा. आकडे वाचून म्हणाला,
चारशे म्हणजे पंचेचाळीसनं जास्तच की,
क्रेनच्या ब्रॅकेटला हीच लावू या.

आबेलार्दोनं गालातला कोकाचा पाला
जिभेनं बाजूला सारला.
"तुझं वय सतरा. बुटाचा नंबर एक्केचाळीस.
म्हणजे बूट तुझ्याहून थोरला?"

मग त्यानं बाकावर खडूनं समजावलं.
तीनशे पंचावन्न हा ताणाचा आकडा.
तिथवर ओढलं की ही प्लेट हार मानू लागते,
पण सावकाश. आधी लांबते, वाकते,
रंगाचे पापुद्रे सुटतात,
खालच्या माणसाला पळायला वेळ मिळतो.
चारशे हा खड्ड्याचा आकडा.
टणक गोळी दाबायची,
खड्डा किती उथळ पडला ते बघायचं, एवढंच.
"ओढलंस तर हीसुद्धा सोसेल, तिप्पट सोसेल,
खोटं कशाला बोलू.
पण जाताना सांगून जाईल, असं नाही."

मोडेन पण वाकणार नाही –
माझा सासरा असंच म्हणायचा.
संप फुटल्यावर सगळे खाणीत परतले, तो नाही.
नंतर बारा वर्षं सासूनं
परक्या घरांच्या चादरी धुतल्या.
मोडलं कोण, ते तिच्या बोटांना विचारा.

पण ट्रकच्या हौद्यात
दगड पडतो तेव्हा वाकणारी काय कामाची?
मागे एकदा लाल पट्टा पुसला गेला होता,
घाईत डावीकडची प्लेट तळाला बसली.
चोविसाव्या दिवशी तळातून आभाळ दिसलं.
वहीत अक्षर माझंच होतं.
तेव्हापासून मी रंगावर विसंबत नाही,
कानस फिरवून बघते.
डावीवर ती चावते, उजवीवर घसरते,
काचेवरून नख जावं तशी.

जूनमधली गोष्ट. ओसिएलनं एकट्यानं
बकेटच्या ओठाला पाचशेची पट्टी जोडली.
आधी शेगडी लावून तापवायची असते,
बोटाला नाही, खडूला विचारून;
खडू वितळला की पुरे.
त्यानं नाही तापवलं. जोड मात्र देखणा,
नाण्यांची चळत आडवी करावी तसा.
आबेलार्दो बघून काही बोलला नाही.
मला वाटलं, पसंत पडला.

रात्री दोन वाजता
शेडमध्ये कुणी नसताना
टक्.

एवढंच. कुणीतरी बोट मोडावं तसं.
मी बॅटरी घेऊन गेले. केसाएवढी रेघ,
जोडाच्या अंगाला लागून, पाच इंच.
आबेलार्दो माझ्याआधीच तिथं उभा होता,
खांद्यावर घोंगडी. वाटच बघत होता बहुतेक.
"पोराला उठवू नको," म्हणाला,
"सकाळी त्यालाच सापडू दे."

सकाळी सापडलीही.
ओसिएल त्या रेघेवर अंगठा फिरवत
बराच वेळ बसला होता.
मी त्याला फाटकावरून भाकरी आणायला पाठवलं.

फाटकावर एर्मिंदा चुर्रास्का भाजते.
तिचा तवा म्हणजे आमचीच झिजलेली पाचशे,
वीस मिलिमीटरची होती, पाच उरली,
दगडांनी घासून आरशासारखी झालेली.
चार वर्षं रोज निखाऱ्यांवर.
ओसिएल पीठ लागल्या तोंडानं परतला
आणि म्हणाला, त्याच्या खिशात कानस होती,
त्यानं तव्याच्या कडेवर फिरवून पाहिली.

चावली, म्हणाला.