हळू पुकारा

मुलांच्या मंडळात नाव मोठ्यानं पुकारायचं नसतं.
बावीस वर्षं मी बेळगावच्या मोठ्या कोर्टात होतो.
खांबाला टेकून घसा मोकळा सोडला
की आवाज पार चहाच्या गाड्यापर्यंत जायचा,
अर्धा कप तसाच ठेवून माणसं पळत यायची.
इथं बदली झाली आणि पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या,
'सातेरी, पोरांची नावं आहेत. बोभाटा नको.'

तेव्हापासून दारात उभा राहतो
आणि झोपलेल्याला उठवावं की नको
अशा आवाजात म्हणतो,
भरमू कल्लाप्पा सुळगेकर.
भरमू.
भरमू आलाय काय गा?

बाकावरून त्याची आई उठते.
'मी आलोय की.'
तिची हजेरी कुठल्या रकान्यात घालू?

वय सोळा. पंपाची केबल, चाळीस फूट.
फिर्यादी निंगव्वा, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला.
त्या साली तिची रताळी पाण्यावाचून
करंगळीएवढीच राहिली.
चौथ्यांदा आली आहे.
'बसला पैसे पडत नाहीत बायकांना, शून्याचं तिकीट.
भांगलणीचा रोज बुडतो, त्याचं काय?'
मी दुसरीकडे बघतो.
तिचंही खरं आहे, हीच तर पंचाईत.

पहिलं समन्स कन्नडातलं.
वाचून दाखवणारा मिळेपर्यंत तारीख शिळी झाली.
पुढच्या खेपेला पोरगा फाटकापर्यंत आला म्हणे,
आत खाकी दिसली, तसाच मागं वळला.
आता म्हापशाला हॉटेलात भांडी घासतो.
चोर्ला घाट उतरून आमचा कागद जातो
आणि पत्ता सापडला नाही म्हणून वर चढून येतो.

सरकारी वकील उभे राहिले.
'किती दिवस थांबायचं? साक्षीदार हजर आहे.
नाही आला तर नाही आला. चालवून टाकू.'
मंडळावरच्या पाटणेबाई आधी शाळेत होत्या.
म्हणाल्या, 'गैरहजर पोराचं नाव फळ्यावर लिहिता येतं.
त्याला शिकवता येत नाही.'

पट्टेवाल्याला कोण विचारतंय.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
माणूस नसताना वाचलेला निकाल मी ऐकलाय.
पंखा फिरत असतो.
रिकामा पिंजरा 'मी नव्हतो' म्हणत नाही,
'चुकलं' हेही म्हणत नाही.
आणि निंगव्वाला, मला वाटलं,
तेवढंच ऐकायचं असेल.

मॅडमनी तिलाच विचारलं.
ती म्हणाली, 'केबलचे पैसे द्या, बाई.
पोराचं तोंड बघून रताळी फुगणार हायत व्हय?'

मी जिभेवरचं गिळून टाकलं.

मग ठरलं ते असं, धड इकडचं ना तिकडचं:
निंगव्वाची साक्ष आज,
बाकी सगळं तो आल्यावर.
रजिस्टरात मी कन्नड अक्षरांत लिहिलं, गैरहजर.
या शब्दाला दुभाषी लागत नाही,
इकडेही तोच, तिकडेही तोच.
पाट्यांवरून डोकी फुटली या गावात,
पण या एका शब्दावर कुणी काळं फासलेलं
मी पाहिलं नाही.

साक्ष सुरू झाली, तशी त्याची आई उठली
आणि पोरासाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसली.
'बाई, तिथं बसायचं नसतं,' मी म्हणालो, हळूच.
मॅडम म्हणाल्या, 'असू दे.'

दोन्ही हात गुडघ्यांवर,
शिक्षकांच्या खोलीत बसवलेल्या पोरासारखे.

निंगव्वा आता तिच्याकडे बघून बोलू लागली.
विहीर कुठली, रात्र कुठली, किती फूट.
चाळीस म्हणाली
तेव्हा आईनं मान हलवली.
पुन्हा एकदा हलवली.

टायपिस्टाची बोटं थांबली.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
हे लिहायचं काय?