गुरघ्यात बस

तळवलीच्या पाण्याच्या टाकीखाली आमची रिंग:
चार खांब, तीन दोर. चौथा दोर
कुणीतरी मंडपाला नेला, तो परत आलाच नाही.
तिथे हसुराम मढवी, म्हणजे सर,
बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीतले फिटर,
दोन्ही हातांत पॅड
आणि तिसरं पोटाला बांधलेलं,
क्रिकेटचं, जुनं, पट्ट्यांच्या जागी सुतळी.

मी डोकं मारायची.
सतरा वर्षं, बावन्न किलो,
मला वाटायचं भांडण वरच असतं.
सर म्हणायचे, डोस्कं लबाड गो.
तू मारशील तवर ते दुसरीकरं जातं,
आन घावलं तरी हाडच. मूठ तुझीच फुटंल.
प्वाट कुठं पलतंय? ते आपल्या जागंवर असतं,
भारं थकलेल्या भारोत्र्यासारखं.

मग मी पोटाला मारू लागले ते कमरेत वाकून,
नळाखालची कळशी उचलतात तशी.
सरांनी वरून पॅड घातलं. घामाने ओलं.
कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता.

चिंबोरी धरलीस कधी खारीत?
कंबरंत वाकलीस तं तोंड चिखलान.
गुरघ्यात बस. डोला वर.
तुझा खांदा तिच्या बरगरीच्या उंचीला आन
मंग हात सरल सोर.
हात खाली नाय जात. तू जातंस.

दुसरी मूठ गालाला चिकटलेली,
फोन कानाशी धरून रस्ता ओलांडतात तशी.
आणि गेलीस त्याच वाटेने परत ये,
रेंगाळलीस तर वरून काय येईल
ते तुझं तूच बघ.

घरी आरशापुढे जागा नव्हती, म्हणून फ्रिजपुढे.
वरचं दार डोकं, खालचं दार अंग.
खालच्या दारावर, माझ्या डाव्या हाताला,
केळ्यावरचं स्टिकर चिकटवलं: यकृत.
वर, वर, बस, खाली.
आई म्हणाली, एवढ्या उठाबशा शाळेत काढल्या असत्यास तर.

कोपरीच्या शाळेचा हॉल. समोर मुंब्र्याची तस्नीम खोत,
माझ्याहून वीतभर उंच.
पहिल्या फेरीत मी तिचं डोकं शोधत राहिले
आणि हवेला पुष्कळ मारलं.
नाकातलं रक्त गिळलं, त्याची चव
हातात नाणी धरून खाल्लेल्या चिंचेसारखी.

दुसऱ्या फेरीत जॅब वर. परत वर.
तिसराही वरच, नुसता दाखवलेला.
तिच्या दोन्ही मुठी कपाळाशी गेल्या,
कोपरं सुटली,
खालचं दार उघडं राहिलं.
मी बसले.
डावा हात. फार जोरात नव्हता.

डोक्याला लागलं की लगेच कळतं,
बाकावरच्या पोरांनाही.
तिथे लागलं की आधी काहीच होत नाही.
तस्नीमने माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं, चुकला.
ती एक पाऊल मागे गेली, नीट, शिकवल्यासारखी,
आणि मग ते तिच्यापर्यंत पोचलं.

मी अजून खालीच होते. डोळा वर.
म्हणून दिसलं,
इतक्या डोक्यांवर मारून कधी दिसलं नव्हतं:
चेहरा आतून कसा रिकामा होतो,
भाडेकरू निघून गेल्यावर खोली होते तसा.
दोर धरून खाली जाताना तिने मान हलवली,
नको, अशी. मला नव्हे, कुणालाच नव्हे.
पंच मोजत होते. मला पाचपर्यंत ऐकू आलं.

सर म्हणाले, हात परत यायला उशीर केलंस.
बस, एवढंच.

नंतर जिन्यात ती बसली होती,
थंड बाटली बरगडीला धरून.
दिसलाच नाही, म्हणाली. कुठून आला?

मला सांगता येईना.
मी बॅग ठेवली, तिच्यासमोरच्या फरशीवर
दोन्ही गुडघे वाकवून खाली गेले,
डोळे तिच्यावर,
डावी मूठ उघडी, नुसता पंजा,
बाटलीला हलकेच टेकवला.

ती म्हणाली, परत दाखव. सावकाश.