एकशे त्रेचाळीस नंबरचं दार

धंतोलीतल्या हॉस्पिटलचं तळघर, मे महिना,
रात्रीचे पावणेदोन, बाहेर अजून छत्तीस.
सर्व्हरचा एसी संध्याकाळीच बसला
म्हणून ओपीडीतला रिकामा कूलर
दौलतभाऊनं ढकलत आणून दारात लावला.
"मशिनीलेच ताप आला काय बाप्पा," म्हणाला,
अन् वाळ्याच्या ताट्यांवर बादली ओतून गेला.

काम सांगायला सोपं.
जुन्या यंत्रात जागा संपली, नवीन आणलं,
अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे,
आणि कुणालाच कळू द्यायचं नाही.
सकाळी सातला मेट्रनबाई वाजवतील ते दार एकच,
एकशे त्रेचाळीस नंबरचं.
दारात मी एक मधला बसवतोय:
तो नाव विचारेल, पासवर्ड घेईल,
ज्याला त्याला त्याच्या पेटीपर्यंत नेईल.
स्वतःजवळ एक ओळ ठेवणार नाही.
वाचणार तर नाहीच.

यादी हातानं लिहिली.
गावंडे, दोन. खोब्रागडे, एक.
चिंचमलातपुरे दोनदा चुकलं.
एका न मिटलेल्या कंसापायी चाळीस मिनिटं गेली,
तोवर चहाही गेला, आणि माझा आवाज.

मग लॉग धावायला लागला,
आणि त्यात दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी:
लोणारकर. असा कुणी नाही.
लोणारकर. असा कुणी नाही.

एक्स-रेवाले लोणारकर दिवाळीआधी गेले.
ऑफिसनं त्यांचं नाव खोडलं,
पेटी खोडायची राहिली.
खामल्यातल्या घरी त्यांचा फोन
चार्जरला लावलेला असेल, कुणी काढत नसेल,
आणि तो बिचारा सात महिने
शहाण्या पोरासारखा दार वाजवून परत जातोय.

पेटीत न वाचलेली अकरा.
कुणाची, ते मी बघितलं नाही.
बघता आलं असतं.

नियमानं बंदच करायचं असतं.
मी यादीच्या शेवटी लिहिलं: लोणारकर, एक.
सेव्ह केलं. मधल्याला नव्यानं उठवलं.

दोन पंचेचाळीसला फोन आला,
यावेळी त्याला आत घेतलं.
आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं
की तिकडं, अंधाऱ्या खोलीत,
गेलेल्या माणसाचा फोन आत्ता अकरा वेळा वाजला असणार.

हात कीबोर्डवर तसेच.
ओळ काढून टाकावी? आता काढून काय होणार?
कूलर खडखडत होता.

दोन बावन्नला जुन्या यंत्रानं नोंद केली:
एक मेल वाचलं गेलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरं.

ताट्या सुकत आल्या होत्या.
दौलतभाऊला हाक मारली नाही,
बादली मीच उचलली.