सुकं मीठ

धाटावला, रातपाळीच्या सुरुवातीला
हसुराममामा माझे तळवे उलटे-पालटे करून बघतो,
स्थळ बघायला आल्यासारखा.
"घाम सुटलाय. बाहेर थांब."

ड्रमात तेल. तेलात सोडियमची वीट.
सुरी लावली की खरवसासारखी कापते,
आत क्षणभर चांदी,
वारा लागला की राखाडी.

इथे बादली नाही, होजपाईप नाही,
भिंतीला ओल दिसली तरी मॅनेजरची झोप उडते.
आणि बाहेर कुंडलिकेला भरती,
पत्र्यावर दव, वाळत घातलेली चड्डी तीन दिवस दमट.
या मुलखात कोरडं राहायची नोकरी!

एकदा पेटलं होतं.
पिवळा जाळ, पिवळाजर्द.
कोणी पाण्याला धावला, त्याला मामाने लाथ घातली
नि कोपऱ्यातलं पिंप
हळूहळू, फावड्याने, जाळावर पांघरलं:
सुकं मीठ.

"बाप पेणला मिठागरात खपला," मामा म्हणतो,
"हे भूत मिठातलंच.
घरच्या माणसाने थोपटलं की निजतं."

दोन वाजता बाहेर डबा उघडतो.
वालाची भाजी अळणी.
मामा दाराकडे, आतल्या पिंपाकडे बघतो.
उठत नाही.
तशीच खातो.